गेज वेळेवर हाती लागले तर इंजिन वाचते

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत इंजिनांना तोटा नाही. भीमा आणि घोड नद्यांच्या काठचे शेतपंप, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर रस्त्यांवर रात्रंदिवस धावणारे ट्रक, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतले जनरेटर, असा हा मोठा पसारा आहे. त्याची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांत आपले पुष्कळ बांधव आहेत. बहुतेकांनी हे काम शाळेत नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असते. आवाज ऐकून दोष सांगणारे, धुराच्या रंगावरून निदान करणारे उस्ताद आजही आहेत आणि त्यांच्या कानाची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कान आकडा सांगत नाही. ग्राहकाबरोबर होणारी पुष्कळशी भांडणे मात्र शेवटी आकड्यापाशीच येऊन थांबतात.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. न्हावऱ्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याचे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन सकाळी सुरू व्हायला त्रास देते, पांढरा धूर टाकते आणि पाणी कमी फेकते. मिस्त्री येतो, फ्लायव्हील हाताने फिरवून बघतो. ते हलके फिरते. ‘‘मामा, कॉम्प्रेशन गेलंय, स्लीव्ह-पिस्टन टाकावं लागेल.’’ हेड उतरते, जुना लायनर निघतो, नवा किट बसतो. दोन दिवस जातात, पैसे जातात आणि इंजिन पुन्हा तसाच पांढरा धूर टाकते! मग कोणीतरी टॅपेट तपासतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला क्लिअरन्सच उरलेला नसतो, त्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसतो आणि सगळी हवा तिथून निसटत असते. शे-दोनशे रुपयांच्या फिलर गेजने हा दोष दहा मिनिटांत सापडला असता. नवीन किट वाया गेला नाही हे खरे. पण शेतकऱ्याला त्याची गरज नव्हती, आणि तो ही गोष्ट गावभर सांगणार हेही तितकेच खरे.

‘‘भाई, मग आधी माप का घेतलं नाही?’’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते. ‘‘गेज नव्हतं. पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो.’’

या उत्तराचा थोडा बारकाईने विचार करावा, म्हणून हा लेख. पुण्याला जाण्याची गरज पुष्कळदा नसते. जिथे असते तिथेही माणूस नीट विचारून जात नाही, म्हणून त्याला दोनदा जावे लागते.

कोणते गेज?

दौंडकरांना ‘गेज’ म्हटले की आधी रेल्वेचा रूळ आठवतो. दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज. गॅरेजमध्ये मात्र ‘गेज’ या एकाच शब्दात दहा वेगवेगळी साधने येतात, आणि इथेच पहिला घोळ होतो. दुकानदाराला फोन करून ‘बोर गेज आहे का’ एवढेच विचारले तर तो ‘आहे’ म्हणेल आणि त्यात खोटेही काही नसेल. गेज घरी आणल्यावर कळते की आपल्या बोरला लागणारा अँव्हिल पेटीत नाही.

म्हणून गेज शोधायला बाहेर पडण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. काय मोजायचे आहे, किती ते किती मोजायचे आहे, किती बारीक मोजायचे आहे आणि गेज इंजिनाला कशाने जोडले जाणार आहे. चौथी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते आणि सर्वांत जास्त वेळ तीच खाते.

बोर गेजचेच घ्या. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीचे एव्ही-१ हे इंजिन आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचा बोर ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक ११० मिलिमीटर. हा बोर मोजायला ५० ते १६० मिलिमीटरचे, शंभरावा भाग दाखवणारे बोर गेज लागते. परंतु बोर गेज हे स्वतः माप सांगत नाही. ते फक्त फरक सांगते. आधी त्याला मायक्रोमीटरमध्ये धरून ८० वर लावावे लागते, मगच ते बोरमध्ये उतरवता येते. आपल्याकडच्या पेट्यांत बहुधा ० ते २५ चा आणि फार तर ५० ते ७५ चा मायक्रोमीटर असतो. ८० साठी ७५ ते १०० चा लागतो, आणि त्याचे शून्य तपासायला ७५ मिलिमीटरची सेटिंग रॉडही लागते. म्हणजे मागायच्या वस्तू एक नव्हे, चार झाल्या. बोर गेज, ८० चा अँव्हिल, ७५-१०० चा मायक्रोमीटर आणि त्याची रॉड. फोनवर हे असे विचारावे:

‘‘सलाम चाचा, ऐंशीचा बोर बघायचाय. पन्नास-एकशेसाठचं बोर गेज आहे ना? त्यात ऐंशीचा अँव्हिल आहे का, जरा पेटी उघडून बघता? आणि पंच्याहत्तर-शंभरचा मायक्रोमीटर रॉडसकट मिळेल का संध्याकाळपर्यंत?’’

‘पेटी उघडून बघता का’ हे शब्द विसरू नयेत. एक फेरी त्यानेच वाचते.

दाबाचे गेज

इंजिनाच्या निदानात सर्वांत जास्त घाईने लागणारे आणि सर्वांत जास्त चुकीचे वापरले जाणारे साधन म्हणजे दाब मोजणारे गेज. वाकडी पोकळ नळी, दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. फ्रान्समधील युजीन बोर्दों याने १८४९ साली याचे पेटंट घेतले आणि आजही तीच नळी आपल्या कॉम्प्रेसरवरच्या गेजमध्ये आहे.

पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन साधारण ९ ते १२ बार असते. एक बार म्हणजे साडेचौदा पाउंड. आणि आपण ज्याला ‘किलो’ म्हणतो तो त्याहून किंचित कमी, एक किलो म्हणजे १४.२ पाउंड. पेट्रोलचे कॉम्प्रेशन गेज बहुधा ३०० पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २० बारपर्यंत असते. डिझेल इंजिनात मात्र स्टार्टरवर फिरवतानाच साधारण २५ ते ३५ बार दाब होतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातच बघावा. तेव्हा मोटारसायकलवाल्या मित्राकडून आणलेले पेट्रोलचे गेज डिझेल इंजिनाला कधीही लावू नये. नळी फुटते, काच उडते. घाईत हा प्रकार होतो आणि डोळ्यावर बेतते. डिझेलसाठी ७० बारचे, म्हणजे १००० पाउंडांचेच गेज हवे.

याच्या उलटी चूकही तितकीच सामान्य आहे. समजा पाटसजवळ एक ट्रक उभा राहिला, ऑइलचा लाल दिवा लागला आहे. पंप गेला, बेअरिंग घासले की नुसता स्विच खराब आहे? हे तिन्ही दोष एकाच दिव्याने दिसतात आणि तिघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्विच काढून त्याच भोकात साधे गेज लावले आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवले की दोन मिनिटांत उलगडा होतो. परंतु हे गेज १० बारचे असावे. डायलवर ‘२.५’ असा वर्ग छापलेला असेल तर त्याचा अर्थ पूर्ण डायलच्या अडीच टक्के चूक चालते असा होतो. ७० बारच्या डायलवर ही चूक पावणेदोन बार झाली. गरम इंजिनाचा आयडलवरचा ऑइल दाब कित्येकदा त्याहून फारसा जास्त नसतो! मग त्या आकड्याचा उपयोग काय? अपेक्षित आकडा डायलच्या मधल्या भागात यावा, असे गेज निवडावे. हा एकच नियम पाळला तरी अर्ध्या चुका टळतील.

१० बारचे गेज शोधायला लांब जाण्याची गरज नाही. कॉम्प्रेसर, स्प्रे पंप किंवा हायड्रॉलिक होजचे काम करणाऱ्या कोणत्याही दुकानात ते मिळते. अडते ते आट्यांवर. काही इंजिनांना एक अष्टमांश इंच पाइपचे आटे असतात, काहींना १० मिलिमीटरचे. काढलेला स्विच खिशात घालून दुकानात जावे, आटे जुळवूनच जोड आणावा. ट्रक रस्त्यावर उभा असताना ‘अंदाजाने आणलेला’ जोड फार महाग पडतो.

आता एक सिलिंडरच्या, हँडलने सुरू होणाऱ्या इंजिनाची वेगळी अडचण आहे. हाताने फिरवताना वेग कमी-जास्त होतो, त्यामुळे कॉम्प्रेशन गेजचा आकडा विश्वासाचा राहत नाही. दोघांनी फिरवले तर दोन आकडे येतात. अशा इंजिनाला त्याहून चांगली तपासणी आहे आणि तिच्यासाठी लागणारे यंत्र प्रत्येक नाक्यावर आहे. ते म्हणजे पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर.

भंगारातल्या नोझल होल्डरचा आतला भाग काढून लेथवाल्याकडून त्याला हवेच्या होजचे आटे पाडून घ्यावेत. हा झाला डमी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. हँडल काढून बाजूला ठेवावे आणि फ्लायव्हील नीट अडकवावे. हवा सोडताच पिस्टन खाली ढकलला जातो आणि हँडल राहिले तर मनगट मोडते, हे लक्षात असू द्या. डिकॉम्प्रेशन लिव्हर खाली आहे याची खात्री करून ६ बारपर्यंत हवा द्यावी आणि कान लावावा. एअर क्लीनरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा लायनर. पाण्याच्या इंजिनात पाण्यात बुडबुडे आले तर हेडचे पॅकिंग. वर सांगितलेल्या न्हावऱ्याच्या इंजिनात हवा सायलेन्सरमधून आली असती आणि हेड उतरवण्याची वेळच आली नसती.

आकडाही हवा असेल तर त्याच होजवर रेग्युलेटर, मग एक गेज, मग एक मिलिमीटर भोकाचा अडथळा आणि त्यानंतर दुसरे गेज अशी जोडणी करावी. पहिल्यावर १०० पाउंड ठेवले आणि दुसऱ्यावर ८० दिसले तर गळती वीस टक्के. आपल्याकडचा कुठलाही चांगला लेथवाला हे एका दिवसात बनवून देतो. दोन्ही गेज एकाच दुकानातून, एकाच बनावटीची घ्यावीत आणि आधी त्यांना एकाच दाबावर लावून दोन्ही काटे सारखे येतात का ते बघावे.

पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन बघण्याची जुनी रीत आहे. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. ही रीत डिझेलला तशीच लावू नये. डिझेलची वरची जागा इतकी लहान असते की ऑइलच जागा व्यापते आणि आकडा खोटा वाढतो. जास्त ऑइल पडले तर कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती वेगळीच.

पेटीतलीच गेजे

काही मापांसाठी बाजारात जाण्याचीही गरज नसते. दाढीचे नवे दुधारी ब्लेड साधारण ०.१० मिलिमीटर जाड असते, म्हणजे सुमारे चार थाऊ. दोन ब्लेडे एकावर एक ठेवली की ०.२०. फिलर गेज हरवले आहे, दुकाने बंद आहेत आणि टॅपेट बघायचे आहे, अशा वेळी ही पाती उपयोगी पडतात. ब्लेडवरचे तेल पुसून घ्यावे, बोटे जपावीत, आणि शक्य असेल तर एकदा मायक्रोमीटरने जाडी तपासून ठेवावी. पोस्टकार्ड किंवा लग्नपत्रिकेचा तुकडा वापरणारे काही जुने मिस्त्री आहेत. ते धाडसच म्हणावे लागेल. कागद दाबला जातो.

लायनर किती घासला हे बोर गेज नसतानाही कळते. पिस्टनची एक रिंग मोकळी करून लायनरमध्ये अगदी खाली, जिथे रिंगा घासत नाहीत तिथे, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या दोन तोंडांमधली फट फिलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, जिथे सर्वांत जास्त झीज होते तिथे बसवून पुन्हा मोजावी. दोन्ही फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातला फरक मिळतो. खाली ०.४० आणि वर १.०३ आली तर फरक ०.६३, म्हणजे लायनर ०.२० मिलिमीटर घासला आहे. या रीतीने गोलाईतला दोष, म्हणजे अंड्यासारखा झालेला बोर समजत नाही. परंतु लायनर बदलायचा की नुसत्या रिंगा टाकायच्या, एवढा निर्णय घ्यायला ती पुरते. आणि ग्राहकाला समोर उभे करून त्याच्याच डोळ्यांनी दोन्ही फटी दाखवता येतात, हा तिचा मोठा फायदा आहे.

पिस्टन आणि हेड यांच्यातला बंपिंग क्लिअरन्स सोल्डरच्या तारेने मोजतात, हे बहुतेकांना माहीत आहे. तारेचे दोन तुकडे पिस्टन पिनच्या रेषेत दोन बाजूंना ठेवावेत. एकच तुकडा ठेवला तर पिस्टन कलतो. हेड पूर्ण आवळून इंजिन हाताने फिरवावे आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजावी. इथे व्हर्नियर चालवू नये. मऊ तारेवर त्याचा जबडा रुततो.

कोणाचे दार ठोठवावे?

पेटीतल्या वस्तूंनी काम भागले नाही तर शोध जवळून लांब असा करावा. आपण बरोबर उलटे करतो, थेट पुण्याचा विचार करतो.

पहिले दार लेथवाल्याचे आणि बोअरिंगवाल्याचे. त्याच्याकडे बोर गेज, मोठे मायक्रोमीटर आणि डायल गेज असतातच, कारण त्याचा धंदाच त्यावर आहे. तो गेज बाहेर देणार नाही, आणि देऊही नये. परंतु लायनर, क्रँक किंवा पिस्टन त्याच्याकडे नेऊन मोजून घेता येतो. मोजणीचे पैसे जरूर द्यावेत. ‘काम तुलाच देईन’ या बोलीवर फुकट मोजून घेतले की त्याचा हिशेब आपोआप बोअरिंगकडे झुकतो. हे माणसाच्या स्वभावात आहे, त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरे दार डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्याचे. नोझल किती दाबाला उघडते हे बघणारे टेस्टर त्याच्याकडे असते. पांढरा-काळा धूर आणि जड सुरू होणे यात नोझलचा दोष पुष्कळदा असतो. तेव्हा हेडला हात लावण्याआधी नोझल काढून तिथे न्यावे. टेस्टरवर फवारा सुटत असताना पुढे हात धरू नये. तो फवारा कातडीत शिरतो आणि जखम वरून लहान दिसली तरी ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो.

तिसरे दार तालुक्याच्या आयटीआयचे. डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात मायक्रोमीटर, बोर गेज, कॉम्प्रेशन टेस्टर ही साधने शिकवली जातात. निदेशकाला भेटून, वेळ मागून, सुटा भाग तिथे नेला तर मोजायला मदत होऊ शकते. आपला एखादा शागीर्द तिथे शिकत असेल तर अधिकच चांगले.

त्यानंतर बाजार. फिलर गेज, साधा व्हर्नियर, दाबाची साधी गेजे शिरूर आणि दौंडच्या हार्डवेअर व स्पेअर पार्टच्या दुकानांतच शोधावीत. बोर गेज, मोठे मायक्रोमीटर, डिझेल कॉम्प्रेशन गेज त्याच्या सगळ्या जोडांसह हवे असेल तर पुण्याचा रस्ता धरावा लागेल. गाड्यांच्या सामानासाठी नाना पेठ प्रसिद्धच आहे. दौंडच्या कारागिराला रेल्वेची सोय आहे. सकाळच्या गाडीने पुणे स्टेशन, तिथून नाना पेठ जवळ, आणि दुपारी परत. शिरूरहून एसटीने जावे लागते. नगर शिरूरहून पुण्यापेक्षा जवळ आहे हे आपल्यापैकी काही जण विसरतात. तिथेही औद्योगिक वसाहत आहे आणि हत्यारांची दुकाने आहेत. मुंबईला एरवी जाणे होत असेल तर नागदेवी स्ट्रीटवर एक चक्कर टाकावी. हत्यारांचा तेवढा मोठा बाजार जवळपास दुसरा नाही. डायल गेज तर खुद्द पुण्यात बनतात. बेकर हे नाव वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

मोबाइलवरून मागवलेले गेज घरपोच येते, हे आता नवीन राहिलेले नाही. परंतु ते येण्यात दोन-चार दिवस जातात आणि जोड चुकीचा निघाला तर परत पाठवण्यात आणखी तितकेच. उघडलेल्या इंजिनासाठी ही वाट योग्य नव्हे. सवडीने पेटी भरण्यासाठी योग्य आहे.

गेज खरे कशावरून?

घाईने आणलेले गेज खोटे निघाले तर ते नसण्यापेक्षा वाईट. डायलवर नामांकित जपानी कंपनीचे नाव छापलेले नकली माल बाजारात आहेत. डिजिटल व्हर्नियर पडद्यावर ०.०१ दाखवतो म्हणून तो तेवढा अचूक असतो असेही नाही; चांगल्या डिजिटल व्हर्नियरलाही दोन-तीन शतांश चूक मान्य असते. बोर मोजण्यावर अवलंबून राहू नये ते यासाठीच.

तपासणीसाठी आपल्या हाताशी एक उत्तम वस्तू आहे, ती म्हणजे नवे, खात्रीच्या दुकानातले बॉल बेअरिंग. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर आणि ६२०८ चा ८०. साध्या दर्जाच्या बेअरिंगमध्येही हा व्यास सांगितलेल्या मापापेक्षा जास्त नसतो आणि कमी असला तर फार तर ०.०१३ मिलिमीटरने. म्हणजे ७५-१०० चा मायक्रोमीटर ६२०८ वर लावून ८०.०० किंवा ७९.९९ दाखवत असेल तर आपल्या कामाला तो चालेल. ७९.९५ दाखवत असेल तर परत करावा. रुंदी मात्र तपासणीला घेऊ नये; तिथे सूट बरीच मोठी असते. असे एक बेअरिंग तेल लावून कागदात गुंडाळून पेटीत ठेवावे आणि कोणत्याही शाफ्टवर चढवू नये.

आणखी एक गोष्ट दौंडच्या उन्हाळ्यात विशेष महत्त्वाची आहे. जगभर लांबीचे माप २० अंश सेल्सिअसला धरले जाते. पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांना ८० मिलिमीटरचा पोलादी तुकडा सुमारे ०.०१८ ने वाढलेला असतो. मायक्रोमीटरही पोलादी आणि तितकाच गरम असेल तर दोन्हींची वाढ सारखी होते आणि चूक कटते. परंतु ॲल्युमिनियमचा पिस्टन पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतो. इंजिनातून नुकताच काढलेला गरम पिस्टन मोजला तर तो शंभरातले आठ-दहा भाग मोठा दिसू शकतो, आणि पिस्टन-लायनरमधला सगळा क्लिअरन्सच जवळपास तेवढा असतो. म्हणून पिस्टन, लायनर आणि मायक्रोमीटर तिन्ही एकाच टेबलावर, सावलीत तासभर ठेवावेत. घाई असली तरी हा तास वाचवू नये.

ज्यांना कारखान्यांची कामे मिळतात त्यांना गेजचा कॅलिब्रेशन दाखला मागितला जातो. तो एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा असावा. पुणे-पिंपरी भागात अशा प्रयोगशाळा आहेत. शेतपंपाच्या कामाला दाखल्याची गरज नाही, बेअरिंग पुरते.

पाच गॅरेजांत एक पेटी

राहिला खर्चाचा प्रश्न. फिलर गेज, ० ते २५ चा मायक्रोमीटर, १० बारचे गेज आणि हवेचा डमी एवढे ज्याने त्याने स्वतःचे ठेवावे. बोर गेज, मोठे मायक्रोमीटर आणि डिझेल कॉम्प्रेशन गेज यांचा खर्च एकट्या छोट्या गॅरेजला जड जातो, आणि महिन्यातून दोन-तीन वेळाच ती लागतात. इथे एकत्र येण्याला वाव आहे. आपल्याकडे भिशी नवीन नाही. एकाच रस्त्यावरच्या पाच-सहा गॅरेजवाल्यांनी एक वर्ष छोटी भिशी चालवून एक सामाईक पेटी घ्यावी. ती अशा एकाच्या दुकानात ठेवावी जो रात्री उशिरापर्यंत असतो.

हे मोडते ते वापरामुळे नव्हे, अव्यवस्थेमुळे. गेज कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नसते आणि पडलेले गेज गुपचूप परत येते. त्यासाठी पेटीबरोबर एक वही असावी. नेताना तारीख, वेळ, नाव, वस्तू आणि तिच्यासोबतचे जोड मोजून लिहावेत. परत आणताना दोघांनी मिळून मायक्रोमीटर बेअरिंगवर लावावा आणि आलेला आकडा वहीत टाकावा. आकडा बदलला असेल तर शेवटी नेणाऱ्याने दुरुस्तीचा खर्च द्यावा, हे पहिल्याच दिवशी ठरवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. अमानत म्हणून ठेवलेल्या वस्तूचा हिशेब मित्रामित्रांतही लिहूनच असावा. त्याने मैत्री तुटत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर फोन नंबर लिहून ठेवावेत. बोअरिंगवाला, पंप रूम, आयटीआयचे निदेशक, पुण्यातले आणि नगरमधले हत्यारांचे एकेक दुकान, आणि प्रत्येकापुढे त्याच्याकडे कोणते गेज, किती मापाचे, कोणत्या जोडांसह आहे तेही. हे पान इंजिन बंद पडण्याच्या आधी, एखाद्या मोकळ्या दुपारी फोन लावून भरायचे आहे.